“आदाम आधीं, हव्वा मागाहून”: पौलाच्या एका वचनाचा अभ्यास

पाठ: १ तीमथ्य २:११–१५. सोबत वाचावें: उत्पत्ति १:२६–२८ आणि २:१५ ते ३:६, प्रेषितांचीं कृत्यें १८:२४–२६, १ करिंथ ११:२–१६.

पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा शेवट आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फार वेळां तोंडीं घेतला जातो, परंतु फार थोड्या वेळां उघडून वाचला जातो. तेथें प्रेषित म्हणतो कीं स्त्रीनें शांतपणें व अधीनतेनें शिकावें. आपण स्त्रीला शिकवूं देत नाहीं व पुरुषावर सत्ता चालवूं देत नाहीं. आणि याचें कारण सांगतांना तो उत्पत्तीच्या पुस्तकाकडे बोट दाखवितो, कीं आदाम आधीं घडला व हव्वा मागाहून. या शेवटल्या शब्दांवरूनच सारा वाद उत्पन्न होतो. एक म्हणतो, देवानें लाविलेला क्रम माणसानें मोडूं नये, म्हणून मंडळींत स्त्रीनें तोंड उघडूं नये. दुसरा म्हणतो, तें सर्व जुन्या काळचें झालें, आतां त्याचें काय? आमच्या मतें हे दोघेहि वचन पुरतें न वाचतांच बोलतात.

तळेगांव दाभाड्याच्या आसपास हा प्रश्न निव्वळ पुस्तकी राहिलेला नाहीं. तळेगांव, चाकण, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यांत कारखाने वाढल्यापासून पुरुषमाणसें पाळीवर जातात. रविवार असो कीं सण असो, पाळी चुकत नाहीं. वस्तीवरच्या लहान मंडळीचा पाळक पुष्कळ गांवांचा भार वाहणारा, तो महिन्यांतून एखाद्या वेळीं येणार. उपदेशकाला ताप आला किंवा त्यालाच रविवारची पाळी लागली, म्हणजे सतरंजीवर बसलेल्या मंडळींत बहुतेक बहिणी, कांहीं मुलें आणि एकदोन वृद्ध. त्या बहिणींत एखादी शाळेंत शिकविणारी असते, शास्त्र तिनें आरंभापासून शेवटपर्यंत वाचलेलें असतें. तिनें त्या दिवशींचें वचन वाचून समजावून सांगावें, कीं दोन गीतें म्हणून सर्वांनीं उठून घरीं जावें? पुष्कळ ठिकाणीं घरीं जाण्याचेंच ठरतें, आणि तें पौलाच्या नांवावर ठरतें. मंडळी उपाशी परत जाते. म्हणून या वचनाचा अर्थ नीट करणें हें पंडितांचें काम म्हणून सोडून देतां येत नाहीं.

प्रथम ‘आधीं’ या शब्दाचें वजन पाहूं. आपल्या देशांत आधीं आलेल्यास मान देण्याची रीति जुनी आहे. घरांत थोरल्याचा शब्द चालतो. गांवांत मानाचा नारळ कोणाचा यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणें चालतात. आणि सांगावयास संकोच वाटतो, परंतु ज्या घरानें गांवांत पहिला बाप्तिस्मा घेतला त्या घराचे नातूहि कधीं कधीं पुढें बसणें हा आपला हक्क समजतात. त्यामुळें ‘आदाम आधीं’ हे शब्द कानीं पडतांच आपण ‘आदाम मोठा’ असा अर्थ लावून मोकळे होतों. परंतु ‘मोठा’ असें पौलानें म्हटलेलें नाहीं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत मासे, पक्षी व गुरेंढोरें हीं मनुष्याच्या आधीं झालीं. त्यावरून बैलानें शेतकऱ्यावर सत्ता चालवावी असें कोणी म्हणत नाहीं. त्याच अध्यायाच्या शेवटीं नर व नारी हीं दोघें देवाच्या प्रतिरूपाचीं म्हटलीं आहेत, आणि पृथ्वीवरील सत्ता दोघांस मिळून दिलेली आहे. एकाला देऊन त्याच्या हातून दुसरीला दिलेली नाहीं. पुढें वाचीत गेलें तर हेंच पुस्तक वडीलपणाचा मान वारंवार उलटा करितें. इश्माएल आधीं जन्मला, पण वचनाचा पुत्र इसहाक ठरला. एसाव आधीं, पण आशीर्वाद याकोबाला. मनश्शे आधीं, पण दृष्टि मंद झालेल्या म्हाताऱ्या याकोबानें हात आडवे घालून उजवा हात धाकट्या एफ्राइमाच्या डोक्यावर ठेविला, आणि योसेफानें हरकत घेतली तरी तो हलविला नाहीं (उत्पत्ति ४८). पौल हा गमलिएलाच्या पायांशीं बसून शिकलेला परूशी. या गोष्टी त्याला तोंडपाठ होत्या. केवळ आधीं झाला म्हणून वरचढ, असा सिद्धांत त्याच्या मनांत असणें कठीण.

स्त्रीला ‘साहाय्यक’ म्हटलें आहे, म्हणजे ती हाताखालची झाली, असेंहि कोणी म्हणतात. आपल्याकडे मदतनीस म्हणजे हाताखालचा गडी, म्हणून तसें वाटतें खरें. परंतु मूळ इब्री शब्द ‘एझेर’ हा जुन्या करारांत बहुतेक ठिकाणीं स्वतः देवाविषयीं योजिला आहे. डोंगरांकडे डोळे लावणारा भक्त स्तोत्र १२१ मध्यें ज्या साहाय्याची वाट पाहतो तें हेंच साहाय्य. त्या शब्दाला जोडून जो दुसरा शब्द आहे त्याचा अर्थ ‘त्याच्यासमोर शोभणारा, त्याच्या जोडीचा’ असा होतो. नोकराचा त्यांत गंधहि नाहीं.

तरीहि उलट पक्षाचें म्हणणें थट्टेवारी नेऊं नये. ते बंधु म्हणतात कीं पौलानें येथें इफिस शहराची चालरीत पुढें केली नाहीं, त्यानें थेट उत्पत्ति गांठली. प्रभूलाहि परूशांनीं सूटपत्राविषयीं विचारलें तेव्हां त्यानें आरंभीं काय होतें हेंच दाखविलें (मत्तय १९). जें आरंभाचें तें सर्व काळचें. जगांतील कित्येक जुन्या मंडळ्या, आणि आपल्या महाराष्ट्रांतील पुष्कळ भक्तिमान् बंधु, याच कारणावरून स्त्रीला उपदेशकाच्या जागीं उभें राहूं देत नाहींत. उत्पत्तीचा दाखला वचनांतून पुसून टाकितां येत नाहीं, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं दाखला निघाला आहे तर तो सबंध वाचावा.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांतील क्रम बोटांवर मोजावा. १५ व्या वचनांत मनुष्य बागेंत ठेविला जातो. १६ व १७ या वचनांत झाडाविषयींची आज्ञा होते. १८ व्या वचनांत त्यानें एकटें असणें बरें नाहीं असें देव म्हणतो. आणि स्त्री घडते ती २२ व्या वचनांत. म्हणजे आज्ञा झाली त्या वेळीं हव्वा नव्हतीच. ती आज्ञा देवानें तिला पुन्हां निराळी सांगितली असें कोठें लिहिलेलें नाहीं. तेव्हां तिला ती आदामाच्या तोंडूनच कळली असली पाहिजे. आतां तिसरा अध्याय उघडा. सर्प विचारतो आणि हव्वा उत्तर देते, त्यांत झाडाला स्पर्शहि करूं नये असे अधिक शब्द आढळतात. मूळ आज्ञेंत ते नव्हते. ते तिनें जोडिले कीं आदामानें सांगतांना जोडिले, हें शास्त्र सांगत नाहीं; परंतु पाठ तिच्यापर्यंत बिनचूक पोंचला नव्हता एवढें उघड आहे. आणि सहाव्या वचनांत एक बारीकशी गोष्ट आहे, जी आमचे पुष्कळ उपदेशक वाचतांना सोडून जातात. नवरा तिच्याबरोबर होता. ज्यानें आज्ञा स्वतःच्या कानांनीं ऐकिली होती तो जवळ असून मुकाट राहिला, आणि तिनें दिलेलें फळ खाऊन मोकळा झाला!

आतां पौलाकडे परत या. आदाम आधीं घडला, आणि आदाम फसला नाहीं तर स्त्री फसली, हीं दोन वाक्यें त्यानें लागोपाठ लिहिलीं आहेत. आधीं घडण्याचा न फसण्याशीं संबंध काय? वडीलपणाचा मान असा अर्थ धरला तर हीं वाक्यें एकमेकांस चिकटत नाहींत. परंतु जो आधीं होता त्यानें आज्ञा प्रत्यक्ष ऐकिली होती, तो शिकलेला होता, असें धरलें म्हणजे तीं जोडलीं जातात. शिकलेला जाणूनबुजून पडला. जिला पुरतें शिकविलेलें नव्हतें ती फसली. म्हणून स्त्रीनें शिकावें, आणि शिकण्यापूर्वीं शिकवावयास धांवूं नये. कित्येक टीकाकारांनीं हा अर्थ केलेला आहे आणि आम्हांस तोच सरळ वाटतो, कारण ११ व्या वचनापासून १४ व्या वचनापर्यंत एकच धागा त्यानें राहतो. थोरल्याचा मान आपण सांगतों, पण आपल्याच घरांत थोरल्याचें काम काय असतें? बाप गेला तर धाकट्यांना शाळेंत घालणें, त्यांचें शिक्षण पुरें होईपर्यंत आपण जुनें धोतर नेसणें. पौलाच्या वचनांतील ‘आधीं’ हा शब्द पुरुषाच्या अंगावर पडतो तो असा.

मूळ ग्रीक भाषेंत ११ व १२ या दोन वचनांत मिळून आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, आणि तें ‘शिकावें’ हें होय. आपल्या कानांवर मात्र तें पडतच नाहीं, कारण आपलें सारें लक्ष पुढल्या मनाईकडे. यहूदी लोकांत नियमशास्त्राचा अभ्यास हें पुरुषाचें कर्तव्य मानीत, स्त्रीचें नव्हे. अशा रीतींत वाढलेला मनुष्य स्त्रीनें शिकलेंच पाहिजे असें लिहितो, हें त्या काळीं ऐकणारास मनाईपेक्षां अधिक नवलाचें वाटलें असेल. ‘शांतपणें’ या शब्दाचाहि अर्थ मुकेपणा असा नाहीं. त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनांत सर्व विश्वासणाऱ्यांचें जीवित शांत असावें असें आहे, आणि तेथें त्याच कुळांतला शब्द आहे. तेवढ्यावरून सर्व पुरुषांनीं मौन धरावें असें आजवर कोणी काढिलें नाहीं.

सत्ता चालविण्यासाठीं पौलानें जो शब्द येथें वापरला आहे तो नव्या करारांत दुसऱ्या कोठेंहि येत नाहीं. अधिकाराविषयीं त्याचा नेहमींचा शब्द निराळा आहे. या विरळा शब्दांत दंडेलीनें अंमल बसविण्याचा भाव आहे असें कित्येक विद्वान् म्हणतात, कित्येक साधा अधिकार असाच अर्थ घेतात. वाद मिटलेला नाहीं. परंतु पत्र कोठें गेलें हें विसरूं नये. तीमथ्य इफिसांत होता. खोटें शिक्षण देणाऱ्यांस आवरावें म्हणूनच पौलानें त्याला तेथें ठेविलें होतें (१:३). हे शिक्षक लग्न करण्यास मनाई करीत (४:३) आणि, दुसऱ्या पत्रांत म्हटल्याप्रमाणें, घरांत शिरून अशिक्षित बायकांस भुलवीत. कच्चें शिकलेल्या तोंडांतून तेंच शिक्षण पुन्हां घरोघर पसरत होतें (५:१३). रोग कोणता होता हें कळलें म्हणजे औषध कां कडू दिलें तें समजतें.

त्याच इफिस शहरांत त्याच पौलाच्या एका सहकारिणीनें एका विद्वान् पुरुषाला शिकविलें. अपुल्लोस आलेक्सांद्रियाचा, वक्ता, शास्त्रांत निष्णात. पण त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला व अक्विल्ला यांनीं त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तेथें प्रिस्किल्लेचें नांव आधीं व नवऱ्याचें मागाहून आहे, आणि पौलहि तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटीं सलाम सांगतांना तिचेंच नांव आधीं घेतो. ‘आधीं’ म्हणजे वरचढ असें ज्यांना वाटतें त्यांनीं येथें काय करावयाचें तें ठरवावें! आणि ज्या तीमथ्याला हें पत्र गेलें तो स्वतः विश्वासांत कसा आला? आजी लोईस व आई युनीके यांच्यापासून.

आपल्याच पुणें जिल्ह्यांत एका स्त्रीच्या हयातींत हा प्रश्न किती तीव्र झाला तें वाचकांस सांगितलें पाहिजे. खंडाळ्याहून पुण्याकडे जाणारी आगगाडी तळेगांवावरून पहिल्यानें धांवली ती १८५८ सालीं, आणि त्याच सालीं रमाबाई डोंगरे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री यांनीं धर्माभिमानी लोकांचा रोष पत्करून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें होतें, आणि रमाबाईंस तें मुख्यतः आईनेंच शिकविलें. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्या सभांत समोर बसलेले पुरुषच होते. पतीच्या मृत्यूनंतर १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या, आणि त्याच सालीं सप्टेंबर महिन्यांत वांटेज येथें त्यांचा व त्यांची कन्या मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला.

पुढें चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत डोरोथिआ बील या मुख्याध्यापिकेजवळ रमाबाई शिकत व शिकवीत होत्या. तेथें असा विचार निघाला कीं त्यांनीं कांहीं पुरुष विद्यार्थ्यांसहि आपल्या देशाच्या भाषेचे धडे द्यावे. तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांचें मत घेण्यांत आलें, आणि तें विरुद्ध पडलें. पुरुषांस शिकविणाऱ्या बाईचें वजन स्वदेशीं परतल्यावर कमी होईल, तिच्या कामाला बाध येईल, अशी त्यांस भीति वाटली. रमाबाईंनीं बीलबाईंस लिहिलेलीं पत्रें पुढें छापून निघालीं आहेत; त्यांत आश्चर्य आणि संताप दोन्ही दिसतात. त्यांच्या लिहिण्याचा आशय असा: माझ्या आईनें तरुण विद्यार्थ्यांस शिकविलें, मींहि शिकविलें, त्याला माझ्या वडिलांनीं कधीं हरकत घेतली नाहीं, माझ्या पतीनेंहि घेतली नाहीं, मग ती येथें कां निघावी?

या प्रसंगावर थांबून विचार करण्यासारखें आहे. त्या बिशपांनीं तीमथ्याचें पत्र पुढें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांचें कारण लोकमताचें होतें: तिकडील लोक काय म्हणतील? आपल्या मंडळ्यांतहि पुष्कळदां असेंच घडतें. वर नांव पौलाचें असतें, पण आंतून बोलते ती लोकलाज. भावकींतले लोक हंसतील, गांव म्हणेल यांच्यांत बायका पुढें. ही खरी अडचण असते, आणि ती उघड बोलण्यापेक्षां प्रेषिताच्या माथीं मारणें सोपें पडतें. हातांत शास्त्र धरून एकदां आपल्या मनास विचारावें कीं आपण नक्की कोणास भितों.

रमाबाई परत आल्या. १८८९ सालीं मुंबईंत त्यांनीं शारदा सदन काढिलें, तें दुसऱ्या वर्षीं पुण्यास आणिलें, आणि पुढें दुष्काळांतून वांचविलेल्या शेंकडों मुली व बायका केडगांवच्या मुक्ति सदनांत वाढविल्या. तेथें त्यांनीं उतारवयांत आणखी एक काम हातीं घेतलें. इब्री व ग्रीक या भाषा शिकून त्यांनीं सबंध बायबलाचें मराठींत भाषांतर केलें. प्रचलित भाषांतर संस्कृत शब्दांनीं जड झालें आहे, खेड्यांतील अल्पशिक्षित बाईला तें उमजत नाहीं, म्हणून सोपी बोली त्यांनीं मुद्दाम धरली. शेवटचीं पानें तपासून होतात तोंच ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या. मुक्तीच्याच छापखान्यांत, तेथील स्त्रियांनीं खिळे जुळवून, तें बायबल १९२४ सालीं बाहेर आलें.

आतां त्या बायबलांत तीमथ्याचें पहिलें पत्र आहे, त्याचा दुसरा अध्याय आहे, आणि त्यांत बारावें वचनहि आहे. तें तिनें गाळलें नाहीं, मऊ केलें नाहीं. स्त्रीनें शिकवूं नये असें ज्या वचनावरून म्हणतात तें वचन मूळ ग्रीकावरून एका स्त्रीनें मराठींत आणिलें व स्त्रियांच्या हातांनीं छापलें गेलें. तें पुस्तक उघडून तें वचन वाचणारा पुरुष तें कोणापासून शिकतो? रमाबाई कधीं दीक्षित पाळक झाल्या नाहींत. पण पौलाची जी पहिली आज्ञा, स्त्रीनें शिकावें, ती इतक्या पूर्णपणें पाळणारी व्यक्ति आपल्या मराठी मंडळींत दुसरी दाखविणें कठीण आहे. आणि शिकलेली व्यक्ति शिकविल्यावांचून राहूं शकत नाहीं, हेंहि तिच्याकडे पाहून कळतें. लक्ष्मीबाई टिळकांचेंहि तेंच. त्यांना लिहावयावाचावयास लाविलें तें रेव्हरंड टिळकांनीं, आणि १९१९ सालीं टिळक वारले तेव्हां अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुरें केलें तें लक्ष्मीबाईंनीं.

तळेगांवच्या वाचकांस उमाबाई दाभाडे यांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत तिचा मुलगा त्रिंबकराव सेनापति पडला. सेनापतीपद धाकट्या यशवंतरावाच्या नांवें झालें, परंतु तो लहान. कारभार व मोहिमा पाहिल्या त्या आईनें. १७५३ सालीं ती वारली आणि तिची समाधि तळेगांवांतच आहे. हा दाखला वचनाचा अर्थ ठरवीत नाहीं. राज्याची रीति मंडळीला प्रमाण नव्हे. तो आम्हीं निराळ्या कारणासाठीं घेतला. पद एकाच्या नांवें आणि काम दुसरीच्या हातीं, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांना फार ओळखीची आहे. उपदेशकाच्या नांवापुढें पद लागतें. त्याची बायको बहिणींना वचन शिकविते, मुलांचा शब्बाथ वर्ग घेते, आजाऱ्यांपाशीं प्रार्थना करिते, आणि जुन्या काळीं बायबलबाई म्हणून दारोदार हिंडणाऱ्या कित्येक स्त्रियांचीं नांवें कोणत्याहि पाटीवर कोरलेलीं नाहींत. काम चालतें तोंवर कोणाला पौल आठवत नाहीं. तिला नांव द्यावयाची वेळ आली कीं आठवतो.

करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय याच्या जोडीला अवश्य वाचावा. तेथेंहि पौल स्त्री पुरुषापासून झाली असें म्हणून उत्पत्तीचाच दाखला देतो. पण लगेच ११ व १२ या वचनांत स्वतःच तो तोलतो: प्रभूमध्यें एकावांचून दुसरें नाहीं. जशी पहिली स्त्री पुरुषापासून तसा प्रत्येक पुरुष स्त्रीच्या पोटीं. आणि सर्व कांहीं देवापासून. शिवाय त्या अध्यायांत प्रश्न आहे तो स्त्रीनें प्रार्थना करितांना व संदेश देतांना डोकें झांकावें कीं नाहीं हा. आपल्या बहिणी पदर घेतात. पण पदर घेऊन काय करावयाचें तेंहि तेथेंच लिहिलें आहे, म्हणजे मंडळींत मोठ्यानें प्रार्थना करावयाची व देवाचा संदेश द्यावयाचा. पदर ठेवावा आणि तोंड बंद करावें, हें अर्धेंच पाळणें झालें. चौदाव्या अध्यायांत स्त्रियांनीं गप्प राहावें असें आहे, तेंहि आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परंतु एकाच पत्रांत आधीं बोलण्याची रीति सांगून मग सर्वच बोलणें बंद केलें असें होणार नाहीं. आणि पुढचें वाक्य पुन्हां शिकण्याविषयींच आहे, कीं कांहीं शिकावयाचें असेल तर घरीं नवऱ्यास विचारावें. येथें उपदेशकांस एक विचारतों. जिचा नवरा विश्वासांत नाहीं, किंवा रात्रपाळी करून निजलेला आहे, किंवा ज्याला स्वतःलाच कांहीं ठाऊक नाहीं, तिनें कोणास विचारावें? तिच्यासाठीं मंडळींत कोणती सोय आहे?

पाळकाच्या दीक्षेचा प्रश्न यापुढचा आहे, आणि त्याचें उत्तर मंडळीमंडळींत निरनिराळें आहे. १९७० सालीं जुळलेल्या उत्तर भारताच्या मंडळींत स्त्रियांस दीक्षा मिळते. दक्षिण भारताच्या मंडळींत ई. पुष्पा ललिता या २०१३ सालीं बिशप झाल्या. रोमन कॅथलिक मंडळींत व कित्येक बंधुमंडळ्यांत तसें नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या मंडळीचा नियम पाळावा. परंतु वचन वाचणें, त्याचा अर्थ सांगणें, प्रार्थना चालविणें यांस दीक्षा लागत नाहीं. तुमच्यापैकीं बहुतेक उपदेशकांनाहि ती झालेली नाहीं, आणि तुम्ही रोज हेंच करितां. तेव्हां दीक्षेची अडचण पुढें करून बहिणीला वाचूं न देणें हें न्यायाचें नव्हे.

१४ व्या वचनावरून स्त्रीजात मूळचीच भोळी, फसणारी, असें कोणी शिकवूं लागला तर त्याला २ करिंथ ११:३ दाखवावें. तेथें पौल हव्वेच्या फसण्याची भीति सबंध मंडळीविषयीं, पुरुषांसुद्धां, बाळगतो. आणि जगांत पाप कोणाच्या द्वारें आलें हें त्यानें रोमकरांस लिहितांना पांचव्या अध्यायांत सांगितलें आहे. तेथें नांव हव्वेचें नाहीं.

राहिलें १५ वें वचन, कीं बालकांस जन्म देण्यानें तिचें तारण होईल. हें समजावयास अवघड आहे. कोणी त्यांत मशीहाच्या जन्माचा संकेत पाहतात. कोणी म्हणतात कीं लग्नास मनाई करणाऱ्या खोट्या शिक्षकांना हें उत्तर आहे, संसारांत राहूनहि स्त्रीला तारणास उणें पडत नाहीं. दुसरा अर्थ आम्हांस अधिक जुळता वाटतो. पण एक गोष्ट मात्र उपदेशकांनीं कटाक्षानें टाळावी. बाळंतपणांत एखादी बहीण दगावली तर तिच्या विश्वासांत खोट होती, किंवा मूल नसलेल्या बहिणीचें तारण अडलें, असें या वचनावरून केव्हांहि बोलूं नये. शोक करणाऱ्या घरांत असे शब्द गेलेले आहेत, आणि ते पुष्कळ वर्षें निघत नाहींत. आपलें तारण ख्रिस्ताच्या कृपेनें आहे, पाळण्यावर टांगलेलें नाहीं.

हा पाठ मंडळींत घ्यावयाचा असेल तर आधीं उत्पत्ति २:१५ पासून ३:६ पर्यंतचा भाग एखाद्या बहिणीकडून सावकाश वाचवून घ्यावा, आणि आज्ञा केव्हां झाली व हव्वा केव्हां घडली हें ऐकणारांसच विचारावें. आपण सांगूं नये. ज्यांना वाचतां येत नाहीं अशा बहिणींचीं नांवें त्याच दिवशीं लिहून घ्यावीं आणि अक्षरओळखीचा वर्ग कोणत्या दिवशीं, कोणत्या घरीं, कोण घेणार हें उठण्यापूर्वीं ठरवावें. पाळीवर जाणाऱ्या बंधूंनीं आपली रविवारची पाळी आधींच कळवावी, म्हणजे त्या दिवशीं वाचणारी बहीण आठवडाभर तयारी करील.